आधी टिक, मग काम

त्या मीटिंगला मफिन ठेवले होते. ब्लूबेरीचे. कुणाला नोकरीवरून काढायचं ते ठरवायला पाच माणसं बसणार, आणि टेबलाच्या मधोमध मफिनचा ट्रे! शी! आजही दुकानात तो वास आला की मी दुसरीकडे वळते. त्या दिवशी मात्र मी एक उचलला, त्याचा कागद नीट सोलला आणि चवीने खाल्ला. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लागले की तुम्हाला माझीही ओळख असलेली बरी.

मी सुनेत्रा. माहेर नागपूरचं, सासर पुण्याचं, आणि गेली आठ वर्षं मुक्काम ओटावाच्या पश्चिमेला, कनाटामध्ये. इथे काचेच्या ज्या एकसारख्या बिल्डिंगी आहेत त्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करते. विमा कंपन्यांच्या नोंदी सांभाळायच्या, एवढंच आमचं काम. सप्टेंबरात आमचा मॅनेजर सोडून गेला आणि ती खुर्ची तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली. ‘अॅक्टिंग’ मॅनेजर. कायम करायचं की नाही ते डिसेंबरात डग ठरवणार होता.

डग म्हणजे आमचा डायरेक्टर. उंच, गुलाबी आणि गोड. इतका गोड की त्याच्याशी बोलून आलं की हात धुवावेसे वाटतात. तो कधी आवाज चढवत नाही, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवतो, आणि दिवाळीला मला ‘हॅपी दिवाली’ म्हणताना हात जोडतो. एकदा मला म्हणाला, “तुम्हा लोकांबरोबर काम करणं किती सोपं असतं! तुम्ही कधी कटकट करत नाही.” आणि मी काय केलं? थँक यू म्हणाले! घरी येऊन नंदूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कौतुकाने सांगितलंसुद्धा.

मी मॅनेजर झाले आणि नादेज माझ्या हाताखाली आली. खरं तर हे उलटं व्हायला हवं होतं. ती माझ्या आधीपासून तिथे होती. मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालची पोरगी, आईवडील हैतीहून आलेले. फ्रेंच, इंग्लिश आणि घरची क्रिओल, तिन्ही भाषा तिच्या तोंडात खेळायच्या. आमच्या मॉन्ट्रियलच्या ग्राहकांशी तिच्याशिवाय कुणाला धड बोलताही यायचं नाही. मी तिला म्हटलं होतं, “तू का नाही अप्लाय करत मॅनेजरसाठी?” ती हसली. “दोनदा केलं, सू. दोन्ही वेळा डग म्हणाला की माझा टोन जरा कडक आहे. तू कर. तुला देतील.”

मला हे सगळं काम शिकवलं तिने. कामच कशाला, बर्फावर गाडी घसरली तर ब्रेकवर उभं राहायचं नाही हे तिने शिकवलं. विंटर टायर कधी चढवायचे, ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना कंबर कशी सांभाळायची, माझ्या दोन वर्षांच्या लेकीला, जाईला, स्नोसूटमध्ये कसं कोंबायचं, सगळं तिनेच. त्या पहिल्या हिवाळ्यात मी वॉशरूममध्ये जाऊन रडायचे, तेव्हा बाहेर उभी राहून लोकांना ‘आत साफसफाई चालू आहे’ सांगणारी बाई म्हणजे नादेज.

मी तिच्यासाठी दर मंगळवारी डबा नेऊ लागले. माझ्या आईचा डबा, तीन पुडाचा, स्टीलचा, झाकणावर ‘प्रभा’ असं आईचं नाव कोरलेलं. पहिल्या वेळी नादेजने तो लख्ख घासून, पुसून मला परत दिला. मी हसून म्हटलं, “अगं बाई, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात.” ती ओशाळली. तशीच उठून पॅन्ट्रीत गेली आणि कॉफीच्या साखरेच्या दोन पुड्या डब्यात टाकून घेऊन आली. तेव्हापासून सात वर्षांत तो डबा एकदाही रिकामा आला नाही. कधी तळलेली केळी, कधी तिच्या आईचं मिरचीतलं कोबीचं लोणचं, कधी रताळ्याचा गोड ब्रेड. घाई असली की त्याच त्या साखरेच्या दोन पुड्या. जाई तर गुरुवारी, डबा परत यायच्या दिवशी, मी घरी आले की आधी डबा उघडायची.

माझ्या सासूबाई प्रमिलाबाई सहा महिने इथे राहायला आल्या होत्या. तेव्हा एकदा नादेज रताळ्याचा ब्रेड घेऊन घरी आली, त्यांना वाकून नमस्कार केला. सासूबाई तोंडभर हसत मला मराठीत म्हणाल्या, “ही काळी पुन्हा आली का गं? आपली भांडी वेगळी ठेव हो.” नादेजने मला विचारलं, “काय म्हणतायत त्या?” मी म्हटलं, “तुझा स्वेटर छान आहे म्हणतायत.” तिने त्यांना थँक यू म्हटलं. मी सासूबाईंना नंतरही काही बोलले नाही. कोण वाद घालणार, असं मनाशी म्हटलं. हे ‘कोण वाद घालणार’ माझ्या अंगात फार मुरलंय बाप्पा.

आता रेजिनाचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

पुण्यात मी ज्या कंपनीत होते तिथे एक पद्धत होती. कामाची लांबलचक चेकलिस्ट असायची आणि सगळेजण आधी सगळ्या टिका मारून मोकळे व्हायचे, मग काम करायला घ्यायचे. आधी टिक, मग काम. परदेशातला क्लायंट स्क्रीनवर बघत बसलेला असायचा ना, त्याला हिरव्या टिका दिसल्या की तो गप्प. कुणाला यात काही वावगं वाटायचं नाही, आणि काम व्हायचंच बहुतेक. मी तीच सवय बॅगेत भरून इथे आणली. सहा वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी दुपारी, रेजिना शहरातल्या एका विमा कंपनीची सिस्टीम मी नवी करत होते. ‘बॅकअप घेतला’ यावर टिक मारली. घेणारच होते. तेवढ्यात जाईच्या डे-केअरमधून फोन आला, ती जिन्यावरून पडली होती. बोलता बोलता मी पुढचं बटण दाबलं. दोन दिवसांच्या सगळ्या नोंदी गेल्या. लोकांचे अपघातांचे दावे, दवाखान्यांची कागदपत्रं, सगळं साफ!

तेव्हा माझं वर्क परमिट कंपनीच्या नावाने होतं. पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल अडकून पडली होती. नोकरी गेली असती तर आम्हाला बॅगा भरून परत जावं लागलं असतं. नंदूला तेव्हा काम नव्हतं. त्या दिवशी माझ्याबरोबर ड्युटीवर नादेज होती. तिने खुर्ची ओढून स्क्रीन पाहिली, मला बाजूला केलं आणि म्हणाली, “ही टिक मी मारली. ऐकतेस ना? मला कोण कुठे पाठवणार? मी इथलीच आहे. तू पोरीकडे जा.” त्याच संध्याकाळी तिने डगला तसं लिहून पाठवलं. पुढचे दोन आठवडे बसून तिने आणि मी त्या नोंदी एक एक करून पुन्हा भरल्या. तिला लेखी ताकीद मिळाली. मला पुढच्या वर्षी पीआर मिळाली.

मी तिला म्हटलं होतं, “मी हे कधीच विसरणार नाही.” विसरले नाहीच. तेच तर आहे. विसरले असते तर मला निदान माफी तरी होती.

तर ती मफिनची मीटिंग. तिला म्हणतात कॅलिब्रेशन. वर्षातून एकदा सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात आणि आपापल्या माणसांना पडद्यावरच्या चौकोनांत ढकलतात. कुणी वरच्या चौकोनात, कुणी मधल्या. खालच्या चौकोनात कुणी तरी टाकावंच लागतं, सगळे चांगले असले तरी. आणि यंदा वरून हुकूम होता की खालच्या चौकोनातल्या माणसाला काढायचं.

सुरुवातीला डगने हातातल्या फोनमध्ये बघून वाचून दाखवलं की आपण इथल्या मूळ अल्गॉन्क्विन लोकांच्या, त्यांनी कधीच सोडून न दिलेल्या भूमीवर बसलो आहोत आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. हे इथे प्रत्येक मीटिंगच्या आधी वाचतात. त्याच्या दुसऱ्या हातात मफिन होता. वाचून झालं, त्याने घास घेतला आणि म्हणाला, “चला, सुनेत्राच्या टीमपासून सुरू करू.”

माझ्या टीममध्ये नऊ जण. मी घरून ठरवून गेले होते की खालच्या चौकोनात कायल जाईल. कायल हा बत्तीस वर्षांचा गोरा मुलगा. त्याने एका वर्षात तीनदा सिस्टीम पाडली होती, आणि तिसऱ्या वेळी तर तो हॉकीची मॅच बघत होता. मी तसं बोलले. डगने मान डोलावली. “हो, पण कायल शिकतोय. त्याच्यात भूक आहे. त्याच्याबरोबर बिअर प्यायला बसलं की कळतं.” बाकीचे हसले. मग डग म्हणाला, “नादेजचं काय?”

मी म्हटलं, “नादेज माझी सगळ्यात चांगली माणूस आहे.”

“अर्थातच. आम्हा सगळ्यांना ती आवडते. पण ती रेजिनाची भानगड आहे ना. बॅकअप न घेता टिक मारणं म्हणजे चूक नाही, स्वभाव आहे. आणि तो टोन. लोक तिला जरा घाबरतात.”

लोक तिला घाबरतात म्हणे! सात वर्षांत तिने कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. ती फक्त नाही म्हणायची, आणि तेही स्पष्ट. कायलच्या तीन चुका म्हणजे शिकणं, आणि सहा वर्षांपूर्वीची एक चूक म्हणजे स्वभाव. तीही तिची नव्हतीच!

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ती टिक मी मारली होती. एवढंच. आता मी कॅनडाची नागरिक होते. मला कुणी कुठे पाठवणार नव्हतं, घरात नंदूचा पगार येत होता. फार तर मॅनेजरची खुर्ची गेली असती. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात डग माझ्याकडे झुकला आणि मऊ आवाजात म्हणाला, “सुनेत्रा, हा निर्णय मला तुझ्याकडून यायला हवाय. तू स्वतः वुमन ऑफ कलर आहेस. तू सुचवलंस तर ते न्याय्य आहे हे सगळ्यांना दिसेल. आणि खरं सांगू, कायमच्या मॅनेजरकडून मला असेच अवघड निर्णय हवे आहेत.”

एचआरची मेलनी गंभीर चेहरा करून मान हलवत होती. कळलं ना तुम्हाला? त्यांना माझी कातडी हवी होती. गोऱ्या माणसाने काळ्या बाईला काढलं तर बोभाटा होणार, मग सावळ्या बाईच्या हातून काढा. कुणाला काही बोलता येणार नाही. आणि सावळी बाई गुणाची आहे, कटकट करत नाही. इतकी किळस आली मला!

आणि तरी माझ्या डोक्यात काय चाललं होतं माहितेय? माझ्या नावाची पाटी. केबिन. नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा फोटो. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला अवंतिका वहिनींच्या तोंडावर येणारा भाव, कारण त्यांचा नवरा अजून सिनियर डेव्हलपरच आहे. असल्या क्षणी माणसाला काही तरी मोठं आठवावं, देव, आईचे संस्कार वगैरे. मला अवंतिका वहिनी आठवल्या.

मी म्हटलं, “ठीक आहे.”

मेलनीने तिचा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. त्यावर फॉर्म होता. ‘हे नाव मी स्वतः सुचवत आहे.’ ‘या निर्णयामागे कोणताही पूर्वग्रह नाही.’ ‘या कर्मचाऱ्याच्या सर्व नोंदी मी स्वतः तपासल्या असून त्या खऱ्या आहेत.’ प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन.

तिन्ही टिका मी मारल्या. भराभर.

“थँक यू,” डग म्हणाला. “हे सोपं नव्हतं, मला कल्पना आहे.” आणि ट्रे माझ्याकडे सरकवला.

मंगळवारी सकाळी नादेजला छोट्या खोलीत बोलावलं. सांगायचं काम मॅनेजरचं असतं. एचआरने लिहून दिलेलं वाचायचं, त्यापलीकडे एक शब्दही बोलायचा नाही अशी सूचना होती. मी वाचलं. ‘तुमच्या योगदानाबद्दल आम्ही आभारी आहोत’ या ओळीला माझा आवाज चिरकला, पण मी पूर्ण वाचलं. त्याच सकाळी आठ वाजता मी तिच्या टेबलावर डबा ठेवला होता. भरली वांगी, पोळ्या आणि गूळपापडी. होय, तिला आज काढायचंय हे माहीत असून मी वांगी भरत बसले होते! काय म्हणावं या बाईला? मला स्वतःला अजून सापडलं नाही.

नादेज ऐकत होती. हात मांडीवर, पाठ ताठ. माझं वाचून झाल्यावर तिने एकच शब्द विचारला. “रेजिना?”

मी कागद उलटा करून ठेवला.

मेलनी म्हणाली, “आम्ही तपशिलात जाणार नाही. पण त्या प्रसंगाबद्दल तुला रेकॉर्डवर काही सांगायचं असेल, तर आत्ता सांगू शकतेस.”

आता ही सांगणार! का सांगू नये? सांगायलाच हवं. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. चिडून नाही, रडून नाही. एखाद्याचा चेहरा नीट लक्षात ठेवायचा असतो तसं पाहिलं. मग ती मेलनीकडे वळून म्हणाली, “नाही. तेव्हा जे लिहून दिलं, तेच.”

आणि मला हायसं वाटलं. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तिची नोकरी गेली त्या मिनिटाला मला हायसं वाटलं. सुटले म्हटलं मनात. तिने सहा वर्षांपूर्वी दिलेला शब्द, ज्या बाईने तिला विकलं तिच्यासाठी, पुन्हा एकदा पाळला. आणि ती विकणारी बाई समोर बसून सुस्कारा सोडून राहिली होती.

तिने कोट घातला, पिशवी उचलली. डबा टेबलावर तसाच राहील असं मला वाटलं होतं, पण तो ती घेऊन गेली.

शुक्रवारी माझं पत्र आलं. मॅनेजर, कायम. नंदू खूश. शनिवारी त्याने चार लोकांना जेवायला बोलावलं होतं. मी सकाळी श्रीखंडाला चक्का फेटत होते. नंदू म्हणाला, “अगं, तोंड का पाडलंयस? नादेजचं वाईट वाटतंय का? तिला मिळेल दुसरी नोकरी, तिला तर फ्रेंच येतं. आणि तू नसतं केलंस तर दुसऱ्या कुणी केलं असतं.” मी त्याला रेजिनाचं खरं कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी ती चूक नादेजचीच होती. मी चक्का फेटत राहिले.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात नादेज. मागे ड्राइव्हवेमध्ये तिची गाडी, इंजिन चालू. बर्फ भुरभुरत होता. तिने दोन्ही हातांनी डबा पुढे केला.

“तुझ्या आईचा आहे,” ती म्हणाली. “माझ्याकडे राहायला नको.”

“आत ये ना. चहा घे. नादेज, ऐक, मी...”

मी पुढे काय बोलणार होते कुणास ठाऊक. तिने हात वर करून मला थांबवलं. तेवढ्यात जाई आतून धावत आली, “हाय, आंटी नादेज!” नादेज वाकली, जाईची वेणी हलकेच ओढली आणि फ्रेंचमध्ये काही तरी म्हणाली. जाई शाळेत फ्रेंच शिकते, तिला कळलं असावं, ती हसली. मग नादेज पायऱ्या उतरून गेली. शेवटच्या पायरीवर बर्फ साचला होता, तो तिने बुटाने बाजूला केला, कुणी घसरू नये म्हणून. गाडी मागे घेतली आणि गेली.

मी तिथेच उभी. जाईने माझ्या हातातून डबा घेतला आणि किचनच्या ओट्यावर नेऊन नेहमीसारखा उघडायला लागली. पहिला कप्पा उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. लख्ख घासलेले, पुसलेले. तिने झाकण उलटं करून पाहिलं, पिशवीत हात घालून पाहिला.

“मॉम, देअर्स नथिंग. नॉट ईव्हन शुगर.” ती माझ्याकडे बघून राहिली. “डिड शी फरगेट?”

नंदू कांदा चिरता चिरता म्हणाला, “विसरली असेल गं. एवढ्या टेन्शनमध्ये कुणाच्या लक्षात राहतं?”

जाई उत्तरासाठी थांबली होती. मी पुन्हा श्रीखंडाकडे वळले.

“हो,” मी म्हटलं. “विसरली असेल.”